निवड झाली आहे, अठराशे पन्नास भरा

खऱ्या कंपन्यांमध्ये एचआर नावाचं जे खातं असतं, त्याचा स्वभाव मुळातच निबर. अर्ज पोचला की नाही, हे ते कळवत नाहीत. मुलाखतीला सकाळी दहाला बोलावतात आणि दुपारी दीडपर्यंत पाण्याच्या मशीनशेजारच्या सोफ्यावर बसवून ठेवतात. आत गेल्यावर समोरचा माणूस तुमचा बायोडेटा तुमच्यादेखत पहिल्यांदा उघडतो, कंटाळून मिटतो आणि म्हणतो, "हं, स्वतःबद्दल सांगा काहीतरी." शेवटी "कळवतो" म्हणतात. हे कळवणं महाराष्ट्रात आजवर फार थोड्या लोकांच्या नशिबी आलेलं आहे.

खोटी कंपनी अशी वागत नाही. तिला रात्री अकरा वाजता तुमची आठवण येते. "डिअर कँडिडेट, तुमचं प्रोफाइल शॉर्टलिस्ट झालं आहे." तुम्ही अर्ज केलेला नसतो, पण निवड झालेली असते. मुलाखत फोनवर, चार मिनिटांची. नाव, गाव, शिक्षण आणि "टीममध्ये काम करायला आवडेल का?" आवडेल म्हटलं की पलीकडून आवाज येतो, "ग्रेट, सर!" बेकार पोराच्या कुठल्याही उत्तराला गेल्या दोन वर्षांत कुणी ग्रेट म्हटलेलं नसतं. घरात तर नाहीच नाही. निम्मं काम तिथेच होतं.

शहाणी माणसं सांगतात की पत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका पाहा, त्यावरून खोटेपणा कळतो. हा सल्ला देणाऱ्यांनी खऱ्या कंपन्यांची पत्रं वाचलेली नसावीत. आणि आता तर यंत्राकडून लिहून घेतात, त्यामुळे भामट्यांचं इंग्रजी आपल्या विद्यापीठांच्या परिपत्रकांपेक्षा बरंच वर गेलं आहे. माझी कसोटी वेगळी आहे. कंपनी प्रेमाने बोलायला लागली की मी सावध होतो.

माझा भाचा सांगलीला असतो. इंजिनिअर आहे, म्हणजे सध्या घरी आहे. त्याला मध्यंतरी एका नामांकित विमान कंपनीच्या नावाने पत्र आलं. पुणे विमानतळ, ग्राउंड स्टाफ. ताईने ताबडतोब झेरॉक्सवाल्याकडून रंगीत प्रिंट काढून आणली, देवापुढे ठेवली आणि पगाराच्या आकड्यावर कुंकवाचं बोट लावलं. मग मला फोन.

पत्र देखणं होतं, हे मी मान्य करतो. वर डावीकडे विमान, उजवीकडे अशोकस्तंभ, मधोमध कुठल्याशा योजनेचा सिंह. खाली तीन गोल शिक्के, जांभळा, निळा आणि हिरवा. सह्याही तीन. खऱ्या नेमणूकपत्रावर हल्ली सहीसुद्धा नसते. 'हे पत्र संगणकाने तयार केले असून सहीची आवश्यकता नाही' एवढी एक कोरडी ओळ असते. पण आपला जीव शिक्क्यात अडकलेला. भामट्याला हे ठाऊक असतं, म्हणून तो हात आखडता घेत नाही. पगार ३४,८५० रुपये, राहणं-जेवण मोफत, ने-आण कंपनीच्या गाडीने. आणि अगदी शेवटी, वराच्या काकांनी कानात सांगावं तशा बारीक टाइपात, गणवेश, ओळखपत्र आणि गेट पास यांसाठी १,८५० रुपये. परत मिळणारे. पहिल्या पगाराबरोबर.

"अरे, अठराशे तर आहेत," ताई म्हणाली.

हा आकडा कुणीतरी फार विचार करून काढलेला असतो. वडिलांना न विचारता देता येतील एवढेच पैसे मागायचे. ते आले की दोन दिवसांनी वैद्यकीय तपासणीचे साडेचार हजार निघतात, मग प्रशिक्षणाचे नऊ, मग विम्याचे, मग 'फाइल होल्डवर आहे, ती सोडवण्याचे'. माणूस साडेचार भरतो तो नोकरीसाठी नाही, आधीचे अठराशे बुडू नयेत म्हणून. नऊ भरतो ते साडेचार वाचावेत म्हणून. जुगाराच्या अड्ड्यावरही याहून वेगळं काही चालत नाही, फक्त तिथे कुणी तुम्हाला 'डिअर कँडिडेट' म्हणत नाही.

"त्यांना सांग, गणवेशाचे पैसे पहिल्या पगारातून कापून घ्या," मी भाच्याला म्हटलं.

त्याने तसं लिहिलं. उत्तर तत्काळ आलं, "सर, पॉलिसी अलाव करत नाही."

विमानात लाखांचं इंधन ओतणारी कंपनी, आणि सांगलीच्या पोराच्या शर्टाला तिच्याकडे अठराशे रुपये नाहीत. शिवाय पैसे भरायचे होते ते कंपनीच्या खात्यात नव्हे, कुणा गृहस्थांच्या यूपीआयवर, आणि संध्याकाळी पाचच्या आत. पाचनंतर सीट दुसऱ्याला जाणार होती. आपल्या देशात रिकामी जागा भरायची एवढी घाई कुठल्याच आस्थापनेला नसते, हे तरी भाच्याच्या लक्षात यायला हवं होतं. आमच्या तालुक्याच्या शाळेत गणिताच्या मास्तरांची जागा कित्येक वर्षं भरलेली नाही.

ही कला मोबाइलने आणली असं ज्यांना वाटतं, त्यांनी १९८७ सालची मुंबई आठवावी. त्या मार्चमध्ये एका इंग्रजी वर्तमानपत्रात छोटीशी जाहिरात आली. गुप्तचर अधिकारी आणि सुरक्षा अधिकारी या पदांसाठी तडफदार पदवीधर हवेत. मुलाखती ताजमहाल हॉटेलात. घेणारे गृहस्थ स्वतःला सीबीआयचे म्हणवत आणि नाव मोनसिंग सांगत. त्यांनी सव्वीस उमेदवार निवडले आणि १९ मार्चला 'सरावाचा छापा' म्हणून त्यांना बसमध्ये घालून ऑपेरा हाउसला त्रिभोवनदास भीमजी झवेरी यांच्या पेढीवर नेलं. पोरांनी नेमून दिलेल्या जागा पकडल्या. कुणी आत येऊ नये, कुणी बाहेर जाऊ नये. साहेबांनी दागिन्यांचे 'नमुने' गोळा करून ब्रीफकेस भरली आणि ते बाहेर गेले. ते अजून गेलेलेच आहेत. माल तीस-पस्तीस लाखांचा, १९८७ च्या भावाने. मागे सव्वीस पदवीधर दुकानात आपापल्या जागी इमानाने थांबलेले. पुढे २०१३ मध्ये यावरून हिंदीत 'स्पेशल २६' नावाचा सिनेमा निघाला आणि भरती घोटाळ्याला नायक मिळाला.

मला त्या सव्वीस जणांबद्दल फार आपुलकी वाटते. वेळेवर आले, हुकूम पाळला, साहेब परत येईपर्यंत जागा सोडली नाही. खऱ्या सीबीआयने याहून काय मागितलं असतं?

नोकरी खोटी असली तरी काम मनापासून करायचं, ही आपली जुनी खोड आहे. २०२२ साली तमिळनाडूतले अठ्ठावीस जण नवी दिल्लीच्या स्टेशनावर महिनाभर, रोज आठ-आठ तास उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या आणि त्यांचे डबे मोजत होते. तिकीट तपासनीस, वाहतूक सहायक, कारकून अशा पदांचं ते प्रशिक्षण आहे असं त्यांना सांगितलेलं. त्यासाठी त्यांनी २ लाखांपासून २४ लाखांपर्यंत पैसे मोजले होते, सगळे मिळून २.६७ कोटी. बातमी वाचून लोक हसले. डबे मोजण्याची नोकरी असते का कुठे, म्हणाले. हसणाऱ्यांनी सरकारी कचेरीत कधी दुपार काढलेली नसावी. तिथे टेबलामागे बसलेल्या माणसांची कामं एकदा विचारून पाहा. त्या मानाने डबे मोजणं हे फारच डोळ्यांना दिसणारं, पटण्याजोगं काम आहे. आणि नवी दिल्लीला गाडीला किती डबे होते, हे त्या महिन्यात रेल्वेपेक्षा त्यांनाच नीट माहीत असणार.

छत्तीसगडमध्ये तर सप्टेंबर २०२४ मध्ये अख्खी बँकच खोटी निघाली. सक्ती जिल्ह्यातलं छपोरा गाव. स्टेट बँकेच्या नावाची पाटी, नवं फर्निचर, काउंटर, कर्मचारी. कर्मचाऱ्यांनी या नोकऱ्यांसाठी २ ते ६ लाख दिलेले, हातात नेमणूकपत्रं, आणि ते रोज कामावर येत होते. दहाएक दिवसांनी जवळच्या खऱ्या शाखेच्या व्यवस्थापकांना शंका आली आणि पोलीस पोचले. इतकी जय्यत तयारी कळल्यावर मला एकच कुतूहल उरलं, की तिथे जेवणाची सुट्टी किती वाजता होत असे.

आपल्याकडचा सरकारी नोकरीचा प्रकार जरा घरगुती असतो. त्यात मेसेज नाही, पत्र नाही. एक माणूस असतो. पांढरा शर्ट, दोन फोन, खिशात पेन. मंत्रालयात त्याचं रोजचं जाणंयेणं. मंत्र्याचा उल्लेख तो आडनावाने करत नाही, 'दादा' किंवा 'भाऊ' म्हणतो, आणि दादांच्या पीएला तर 'आपला पोरगा' म्हणतो. तो नोकरी विकायला आलेला नसतोच. उलट नाखूश असतो. "आता कोटा संपला हो. महिनाभर आधी भेटायचं होतं." मग घरातली सगळी त्याच्या मागे लागतात. बऱ्याच आर्जवांनंतर तो "बघतो, शब्द देत नाही" म्हणून चहा पितो. शिपायाचा दर निराळा, तलाठ्याचा निराळा. निम्मे आधी, निम्मे ऑर्डर हातात पडल्यावर. हे निम्मे कुठून येतात? उसाचं बिल, दोन गुंठे, पाटल्या.

या धंद्यातलं खरं कसब मात्र बऱ्याच जणांना माहीत नसतं. हा माणूस शंभर पोरांकडून पैसे घेतो आणि काहीच करत नाही. अक्षरशः काही नाही. दादांना तो भेटलेलासुद्धा नसतो. परीक्षा होते, शंभरातली चार-पाच पोरं आपल्या अभ्यासावर पास होतात. त्यांच्या घरी हा पेढे खायला जातो. "म्हटलं होतं ना, भाऊंना फोन लावला होता." ती पोरं रात्र-रात्र जागून अभ्यास केलेली, पण आईबाप श्रेय याला देतात आणि उरलेले निम्मेही देतात. बाकीच्या पंचाण्णवांपैकी जे फार आरडाओरडा करतात, त्यांना थोडे परत मिळतात. जे करत नाहीत, त्यांना 'पुढच्या भरतीत नक्की'. पोलिसांत जायचं तर फिर्यादीत लिहावं लागतं, की मी लाच म्हणून एवढे लाख दिले आणि माझं बेकायदा काम झालं नाही. असं लिहायला कुणाचा हात चालेल? एवढ्या भक्कम पायावर उभा असलेला दुसरा धंदा मला माहीत नाही.

घरबसल्या मिळणाऱ्या नोकऱ्यांची जात हलकी, पण पसारा फार मोठा. लोकलच्या डब्यात दाराशेजारी चिकटवलेल्या 'पार्ट टाइम जॉब, महिना २५,०००' या चिठ्ठ्या तिच्या पूर्वज. आता तीच चिठ्ठी फेसबुकवर फिरते. तिच्यात नटराज पेन्सिली घरी बसून डबीत भरायच्या, महिन्याला ३०,००० आणि निम्मा पगार आगाऊ. फक्त नोंदणी, ओळखपत्र आणि कुरिअरचे पैसे तेवढे आधी. पेन्सिली बनवणाऱ्या कंपनीला शेवटी सांगावं लागलं की आम्ही घरी पॅकिंगचं काम कुणालाच देत नाही. दहा पेन्सिली खोक्यात घालायला कारखानदार महिना तीस हजार का देईल, हे गणित आपण शाळेत त्याच पेन्सिलीने शिकलो होतो.

टायपिंगच्या कामाचा प्रकार याहून धूर्त. आठवड्यात अमुक पानं भरायची, नव्वद टक्के अचूक. पानं इतकी पुसट की धुळ्याच्या जागी पुणे वाचावं. आठवड्याने निकाल, अचूकता एकोणनव्वद. पगार नाही. आणि दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर 'हायकोर्टाच्या वकिलां'ची नोटीस, करार मोडल्याबद्दल इतकी भरपाई भरा, नाहीतर अटक. पगाराआधी खटला देणारी ही एकच नोकरी. करार मोडला म्हणून पोलीस कुणाला उचलत नाहीत आणि न्यायालय व्हॉट्सअॅपवर तडजोडीचे पैसे मागत नाही. पण कॉलेजात जाणाऱ्या मुलीला रात्री असा फोन आला की ती मैत्रिणीकडून उसने घेऊन पाच हजार भरते आणि घरी बोलत नाही.

शिकलेल्यांसाठी टास्क असतात. यूट्यूबवरचा व्हिडिओ लाइक करा, पन्नास रुपये. हॉटेलला पाच तारे द्या, पन्नास रुपये. आणि पहिले दीडशे खरोखर खात्यात येतात! इथे भल्याभल्यांचा तोल जातो, कारण मेहनतीशिवाय आलेले दीडशे हे मेहनतीच्या दीड हजारांपेक्षा जास्त गोड लागतात. मग टेलिग्रामचा ग्रुप. तिथे दोनशे माणसं आज किती कमावले याचे फोटो टाकत असतात. त्यातली एकशे नव्याण्णव एकाच ऑफिसात बसलेली. मग 'प्रीपेड टास्क', हजार भरा, तेराशे घ्या. मग दहा हजार भरा. मग पन्नास. पडद्यावर तुमची शिल्लक साडेचार लाख दिसते, पण काढायला गेलं की आधी तीस टक्के कर भरा म्हणतात. या सापळ्यात सापडलेल्यांत बँकेत आयुष्य घालवलेले लोक आहेत, संगणकवाले आहेत. अडाणी माणूस वाचतो, कारण त्याचा पडद्यावरच्या आकड्यावर विश्वास नसतो. नोट हातात दे म्हणतो.

पैसे गेल्यावर पहिला फोन लावायचा तो सायबर हेल्पलाइनला, १९३० वर. लगेच लावला तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. पण लोक पहिला फोन लावतात तो भामट्यालाच, "सर, असं कसं?" विचारायला. दुसरा मेव्हण्याला, कारण त्याला कॉम्प्युटरमधलं कळतं. मेव्हणा संध्याकाळी घरी येतो, लॅपटॉप उघडतो, चहा घेतो. तोवर पैसे चार खात्यांतून फिरून आलेले असतात. ती खाती कुणाची असतात? कमिशनवर आपलं खातं वापरायला दिलेल्या कॉलेजच्या पोरांची. त्यांनाही ती नोकरी म्हणूनच मिळालेली असते, आणि पोलीस सगळ्यात आधी त्यांच्याच दारात येतात.

परदेशाच्या बाबतीत थट्टा आवरती घ्यावी लागते. कोकणातून आखातात आणि बोटीवर जाणाऱ्या पोरांना एजंट नावाचा प्राणी पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. कायदा १९८३ चा आहे. परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या एजंटाकडे परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो, तो ईमायग्रेटच्या संकेतस्थळावर तपासता येतो, आणि त्याने सेवाशुल्क घ्यायचं ते जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी. बोटीवरच्या नोकरीसाठी तर परवानाधारक कंपनीला खलाशाकडून भरतीचे पैसे घेताच येत नाहीत. तरी बेलापूरच्या बाजूला एखाद्या गाळ्यात काचेच्या टेबलावर छोटं जहाज ठेवलं, की लाखांखाली बोलणं सुरूच होत नाही.

२०२२ च्या सप्टेंबरात परराष्ट्र मंत्रालयाने एक इशारा दिला. थायलंडमध्ये 'डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह' पाहिजेत अशा जाहिराती देऊन संगणक शिकलेल्या पोरांना नेतात आणि सीमा ओलांडून म्यानमारमध्ये कोंडतात. तिथे काम काय? जगभरच्या लोकांना मेसेज पाठवून फसवायचं. पासपोर्ट काढून घेतलेले, आकडा गाठला नाही की मार. मार्च २०२५ मध्ये आपल्या हवाई दलाची विमानं थायलंडच्या माए सोतला जाऊन अशा ५४९ भारतीयांना घेऊन आली. म्हणजे रात्री अकरा वाजता "डिअर कँडिडेट" लिहिणारा कधीकधी स्वतःच असं एखादं पत्र देवापुढे ठेवून घरातून निघालेला असतो. हे कळल्यापासून मला त्या मेसेजना शिव्या देणं पूर्वीसारखं जमत नाही. नंबर ब्लॉक मात्र करतो.

तर भाचा. पाच वाजायला चाळीस मिनिटं उरली होती. ताईचा सगळा भर एका गोष्टीवर, "अजून कुणाला बोलू नका, पक्कं होईपर्यंत." नजर लागते म्हणून चांगली बातमी लपवायची ही आपली रीत भामट्यांच्या फारच पथ्यावर पडलेली आहे. लग्नाचं स्थळ आलं की आपण मुलाच्या मामाच्या सावकारापर्यंत चौकशी करतो. नोकरीच्या स्थळाला मात्र मालक कोण हेही विचारत नाही. म्हणून मी ताईची आज्ञा मोडून साताऱ्याला आमच्या आत्याला फोन लावला आणि तिला तो एचआरवाल्याचा नंबर दिला. आत्याने आजवर आमच्या खानदानातली सतरा स्थळं मोडली आहेत आणि त्यातली पंधरा योग्य कारणासाठी.

तिने ताबडतोब तिथे फोन लावला, आम्हाला कॉन्फरन्सवर घेऊन. पलीकडून मराठीच बोलणारा मुलगा निघाला.

"नाव काय तुमचं?"

"मॅडम, एचआर मॅनेजर बोलतोय."

"ते पद झालं. नाव सांगा. आडनाव? आं? मूळ गाव कुठलं? तालुका? तिकडे आमच्या चुलत जावेचं माहेर आहे. वडील काय करतात? मग तुम्ही तिकडे कसे गेलात? ऑफिस कुठल्या रस्त्याला? समोर काय आहे? बसस्टॉप कुठला? तुम्हाला नोकरीला लागताना किती पैसे भरायला लावले होते?"

शेवटच्या प्रश्नावर पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग फोन कट झाला. भाच्याचे अठराशे पन्नास राहिले. ताई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

आत्याने तो नंबर नंतर परत लावून पाहिला, एकदा नाही, दोनदा. तिच्या मते मुलगा बोलायला नम्र होता, गाव ओळखीचं निघालं होतं, आणि तिच्या नणंदेच्या मुलीचं यंदा बघायचं आहे.